रुग्णालयातल्या खोलीची स्वच्छता आणि जंतुनाशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रामुख्याने दहा-वीस खाटांची नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर, तिथल्या इन्चार्ज सिस्टर आणि रोज फडकं हातात घेणाऱ्या मावशी-मामांसाठी आहे. नातेवाइकांचे प्रश्न शेवटी घेतले आहेत. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत यासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान ठिकाणी सगळा भार एका सिस्टरवर आणि दोन मावश्यांवर असतो, म्हणून उत्तरं त्यांना जमेल अशा बेताने दिली आहेत.

जंतू हवेतून येतात ना? मग कॉट-लॉकर पुसून खरंच इन्फेक्शन कमी होतं का?

होतं. टीबी, गोवर, कांजिण्या हे आजार हवेतून पसरतात. पण रुग्णालयात भरती झाल्यावर जी इन्फेक्शन्स लागतात, त्यांतला मोठा हिस्सा हातांवरून जातो. पेशंटच्या अंगावरचे जंतू कॉटच्या कठड्यावर उतरतात, सिस्टरचा हात कठड्याला लागतो, तोच हात पुढच्या पेशंटच्या सलाईनला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याचे जे पाच क्षण सांगितले आहेत, त्यांतला पाचवा म्हणजे पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतरचा.

हे जंतू चिवटही फार असतात. एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा एक जंतू) कोरड्या पृष्ठभागावर आठवडा ते काही महिने टिकू शकतो. आपल्या आयसीयूंमध्ये डोकेदुखी झालेला अ‍ॅसिनेटोबॅक्टरही काही महिने तग धरतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात निदान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणूनच आधीच्या पेशंटला असा जंतू असेल तर त्याच खोलीत येणाऱ्या पुढच्या पेशंटला तो लागण्याची शक्यता वाढते, आणि हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत भरती झालेल्या दर १०० पेशंटपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच किमान एक इन्फेक्शन लागतं. सगळंच काही खोलीच्या अस्वच्छतेने होत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णालयात व्हीलचेअर, बीपीचं मशीन, सलाईनचा स्टँड अशा सामायिक वस्तू पुसायला रोज तीन तास जादा दिले, तेव्हा इन्फेक्शनचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने उतरलं. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी वेगळं औषध किंवा यंत्र लागलं नाही. माणूस, वेळ आणि शिकवण एवढंच दिलं होतं.

नेमकं काय पुसायचं? फरशी तर आम्ही दिवसातून तीनदा पुसतो.

फरशीला पाय लागतात, हात लागत नाहीत. आपल्याकडे स्वच्छतेची सगळी ताकद लादीवर खर्च होते, कारण ती दिसते आणि चकाकते. इन्फेक्शनच्या हिशेबात लादीचा नंबर बराच खाली आहे.

हात लागतो तिथे फडकं लागलं पाहिजे. कॉटचे कठडे (वरून आणि आतल्या बाजूनेही, पेशंट धरतो ती जागा तीच), कॉट वर-खाली करायची मूठ किंवा रिमोट, लॉकरचा वरचा भाग आणि ड्रॉवरची कडी, जेवणाचं ट्रॉली-टेबल, बेलचं बटण, दिव्यापंख्याची बटणं, सलाईनचा स्टँड मधोमध जिथे धरतात तो भाग, सलाईनच्या पंपाची आणि मॉनिटरची बटणं, ऑक्सिजनच्या फ्लोमीटरची चकती, दाराची मूठ, नळाची तोटी, फ्लशचं बटण, कमोडची सीट, बाथरूममधला आधाराचा दांडा. केसपेपरचा क्लिपबोर्डही. तो राउंडला सगळ्या खोल्या फिरून येतो आणि कधीच पुसला जात नाही.

अमेरिकेतल्या २३ रुग्णालयांत अदृश्य खूण करून कुठे फडकं फिरलं हे पाहिलं, तेव्हा पुसायला हव्या त्या जागांपैकी सुमारे निम्म्याच पुसलेल्या निघाल्या. हा अभ्यास २००८ चा आहे. तिथे ही गत, तर आपण फार पुढे असू असं मानायला आधार नाही.

दिवसातून किती वेळा?

जनरल वॉर्ड आणि खासगी खोलीत हात लागणाऱ्या जागा दिवसातून निदान एकदा, आयसीयूत निदान दोनदा, शक्यतो प्रत्येक पाळीत. सामायिक संडास-बाथरूम दिवसातून किमान दोनदा. आणि काही सांडलं की वेळापत्रक न बघता लगेच.

पुसण्याचा क्रम काय असावा?

स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे आणि वरून खाली. म्हणजे आधी बटणं, दाराची मूठ, लॉकर, मग कॉट आणि त्याभोवतीची उपकरणं, मग बेसिन, सगळ्यात शेवटी कमोड. फरशी त्यानंतर, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत. खोलीत एका दिशेने गोल फिरा, दारापाशी सुरू करून दारापाशी संपवा, म्हणजे काही सुटत नाही.

फडक्याचा नियम कडक ठेवा: एका खाटेला एक फडकं. फडक्याची आधी अर्धी, मग पाव घडी घातली की आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक मळली की पुढची उलटायची. वापरलेलं फडकं औषधाच्या बादलीत परत बुडवायचं नाही, नाहीतर पहिल्या खाटेचे जंतू तुम्हीच शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचवता. संडासाची फडकी वेगळ्या रंगाची ठेवा. रंग कोणताही चालेल, पण सगळ्या मजल्यांवर तोच असू द्या आणि त्याचा तक्ता साफसफाईच्या खोलीत भिंतीवर लावा.

झाडू का नको म्हणतात? कचरा काढायचा कसा?

कोरड्या झाडूने धूळ उडते, तिच्यासोबत जंतू उडतात आणि तासाभराने पुन्हा कॉटवर, जखमेच्या ट्रेवर येऊन बसतात. पेशंट असलेल्या भागात ओलसर मॉपने कचरा पुढे लोटत आणावा आणि सुपलीत भरावा. झाडू अंगण आणि जिन्यासाठी ठेवा.

पुसायला तीन बादल्यांची पद्धत चांगली: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत मॉप खळबळायला साधं पाणी, तिसरीत जंतुनाशक. पाणी गढूळ झालं की बदला. खोली संपल्यावर तर बदलाच. हे सगळं खरं, पण मुख्य गोची मॉपपाशी होते. रात्रीचं काम उरकून मॉप बादलीतच उभा ठेवून दिलेला असतो आणि सकाळी तोच राखाडी पाण्यातून काढून वॉर्डभर फिरतो. रात्रभरात त्या पाण्यात जंतूंची शेती झालेली असते. मॉपचं डोकं रोज काढून गरम साबणाच्या पाण्यात धुवा, उन्हात उलटं टांगून पूर्ण वाळवा. प्रत्येक मॉपला दोन डोकी घेतली की हे सहज जमतं. खर्च किरकोळ आहे.

हायपो किती पातळ करायचा? बाटलीवर ५% लिहिलंय, कुणी १% म्हणतं, कुणी ०.१%.

दोन्ही बरोबर, कामं वेगळी. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे वॉर्डातला 'हायपो', रक्त किंवा शरीरातला स्राव सांडला असेल तर आपल्याकडे १% वापरतात. रोजच्या पृष्ठभागांना ०.१% पुरतो. सी. डिफिसिलसारख्या, बीजाणू (जंतूचं टणक कवचातलं, सहजी न मरणारं रूप) करणाऱ्या जंतूचा पेशंट असेल तर ०.५%.

हिशेब सोपा आहे. बाटलीवरच्या टक्क्याला हव्या त्या टक्क्याने भागा, त्यातून एक वजा करा. एका भाग हायपोला तितके भाग पाणी. बाटली ५% असेल तर:

१% साठी २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी.
०.५% साठी १०० मिली हायपो आणि ९०० मिली पाणी.
०.१% साठी २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी. १० लिटरच्या बादलीला २०० मिली.

बाटली ४% असेल तर १% साठी २५० मिलीत ७५० मिली पाणी, ०.१% साठी २५ मिलीत ९७५ मिली. दर वेळी नव्या कॅनचं लेबल वाचायचं. कंपनी बदलली की टक्का बदलतो आणि मावशींना कुणी सांगत नाही. अंदाजाने "दोन झाकणं" टाकण्याची सवय मोडायला एक मापाचा प्लास्टिकचा मग विकत आणून बादलीला दोरीने बांधून ठेवा. बादलीच्या आत १० लिटरपाशी पक्क्या रंगाने रेघ मारा. एवढ्याने निम्मी अडचण सुटते.

ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ताज्या पावडरीत साधारण ३३% क्लोरीन असतो; लिटरला ३० ग्रॅम टाकली की १% च्या आसपास द्रावण होतं. गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी घ्या. उघड्या पोत्यात पावसाळाभर पडलेल्या पावडरीत मात्र क्लोरीन फारसा उरत नाही, ती कितीही टाकली तरी भरवसा नाही.

सकाळी केलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी चालेल का?

नाही. रोज ताजं करा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. ऊन, उष्णता आणि उघडं झाकण यांनी क्लोरीन उडून जातो, म्हणून अपारदर्शक, झाकणाच्या भांड्यात ठेवा आणि त्यावर तारीख-वेळ लिहा. खिडकीत ठेवलेली पारदर्शक बाटली म्हणजे काही दिवसांत नुसतं खारट पाणी.

जास्त जोराचा हायपो वापरला तर जास्त जंतू मरतील ना?

जोर वाढवून घाणीवर मात होत नाही. रक्त, पू, जेवणाचे डाग, धूळ हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं. आधी साबणाने पुसून घाण काढा, मगच जंतुनाशक. हा क्रम चुकला तर महागातलं औषधही वाया. उलट जोराच्या हायपोने कॉट गंजते, रेक्झिन तडकतं, मावशींच्या हाताला भेगा पडतात आणि पेशंटला खोकला येतो. धातूवर लावलाच तर दहा मिनिटांनी साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. मॉनिटरच्या स्क्रीनला हायपो लावू नका, उपकरणाच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर यांना ७०% अल्कोहोल ठीक. भिंती-फरशीसाठी अल्कोहोल वापरू नका. त्याची वाफ पेट घेते, आणि खोलीत ऑक्सिजन चालू असतो.

फवारलं आणि लगेच कोरडं पुसलं तर?

तर जंतुनाशक वापरलंच नाही असं धरा. औषधाला काम करायला पृष्ठभागावर काही वेळ ओलं राहावं लागतं. हायपोला साधारण १० मिनिटं, अल्कोहोलला एक मिनिटाच्या आसपास, बाकीच्यांचं लेबलवर असतं. पंखा फुल स्पीडवर असेल तर हायपो दोन मिनिटांत वाळतो. पंखा बंद करून पुसा किंवा पुन्हा ओलं करा. खिडकी मात्र उघडी ठेवा. फवाऱ्यापेक्षा ओलं फडकं बरं, कारण फवाऱ्याचे थेंब श्वासात जातात आणि जागा सुटतात.

हायपोत फिनाईल किंवा संडासाचं अ‍ॅसिड मिसळलं तर वास चांगला येतो, जोरही वाढतो. चालेल?

अजिबात नाही. अ‍ॅसिडमध्ये हायपो मिसळला की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही विषारी वायू तयार होतो. लघवी सांडली असेल तिथेही थेट हायपो ओतू नका, त्याच कारणासाठी. आधी टिपून घ्या, साबणाने पुसा, मग हायपो. कुणाला डोळे चुरचुरणं, खोकला सुरू झाला तर बादली शोधत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

फिनाईल, डेटॉल, सॅव्हलॉन यांचं काय?

पांढऱ्या फिनाईलने बाथरूमला वास येतो, पेशंटच्या खोलीच्या जंतुनाशनासाठी त्यावर विसंबू नका. "हॉस्पिटलसारखा वास" येणं हा स्वच्छतेचा पुरावा नाही. नीट पुसलेल्या खोलीला खरं तर कसलाच वास येत नाही. नवजात बाळांच्या कक्षात फिनॉलची औषधं तर वापरूच नयेत. इन्क्युबेटर त्यांनी पुसल्यामुळे बाळांची कावीळ वाढल्याची नोंद आहे. आणि कोणत्याही औषधाने इन्क्युबेटर पुसायचा तो बाळ बाहेर काढून.

डेटॉल, सॅव्हलॉन ही कातडीसाठीची औषधं. स्यूडोमोनाससारख्या जंतूंपुढे ती लंगडी पडतात. वाईट सवय अशी की पातळ केलेल्या सॅव्हलॉनची बाटली अर्धी झाली की वरून पुन्हा भरतात. अशा बाटल्यांमध्ये स्यूडोमोनास चक्क वाढतो आणि तेच पाणी जखमेला लागतं. बाटली संपू द्या, धुवा, वाळवा, मग भरा.

रक्त सांडलं तर नक्की काय करायचं?

जाड हातमोजे घाला, काच असेल तर चिमट्याने किंवा पुठ्ठ्याने उचला, हाताने नाही. सांडलेल्यावर टिश्यू, जुनं कापड किंवा वर्तमानपत्र पसरा म्हणजे ते टिपलं जाईल आणि पसरणार नाही. त्यावर कडेकडून मध्यभागाकडे १% हायपो ओता. १० मिनिटं थांबा. जास्त रक्त असेल तर २०. मग सगळं गोळा करून पिवळ्या पिशवीत. त्यानंतर जागा साबणाने धुवा आणि हातमोजे काढून हात धुवा. थांबण्याच्या वेळात त्यावरून स्ट्रेचर जाणार नाही अशी खुर्ची आडवी लावा.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे: रक्ताने भिजलेला कापूस-ड्रेसिंग पिवळ्यात; सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे लाल पिशवीत; सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात; काचेच्या बाटल्या-व्हायल निळ्यात. सुईचं टोपण परत लावायचं नाही. सफाई करणाऱ्यांना सुई टोचते ती बहुतेक वेळा कुणीतरी पिशवीत किंवा गादीखाली टाकलेली, त्यांची स्वतःची नव्हे.

दर महिन्याला फॉर्मलिनने फ्यूमिगेशन करतो. पुरेसं आहे ना?

पुरेसं तर नाहीच, गरजही नाही. फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर करून ऑपरेशन थिएटर रात्रभर बंद ठेवायची पद्धत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती बंद करा म्हटलं की डॉक्टरांनाच चुकल्यासारखं वाटतं. पण धुराने घाण निघत नाही आणि घाणीखालचे जंतू मरत नाहीत. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग करतो हे ठरलेलं आहे, आणि सकाळी डोळे पुसत दार उघडणारा वॉर्डबॉय तो श्वासात घेतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००८ च्या सूचनांत पेशंटच्या खोल्यांत जंतुनाशकाचं नेहमीचं फॉगिंग करू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. पृष्ठभाग नीट घासा, दोन ऑपरेशनांच्या मध्ये टेबल-दिवे-ट्रॉली पुसा, एसीची गाळणी वेळच्या वेळी बदला. थिएटर यावर चालतं.

धूर करून समाधान मिळण्याची ओढ जुनी आहे. १८९६-९७ च्या प्लेगात मुंबई-पुण्यात घरं रिकामी करून जंतुनाशकांनी धुतली, भिंतींना चुना फासला, सामान जाळलं. लोकांचे हाल झाले. प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि ते फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. २०२० च्या कोविडमध्ये बाजारांच्या तोंडाशी माणसांवर औषध फवारणारे बोगदे उभे राहिले. त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर फवारणी करू नका असं पत्रक काढावं लागलं.

यूव्ही मशीन घ्यावं का?

आधी मावशींची संख्या बघा. यूव्ही (अतिनील किरण) किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ यांचा उपयोग आहे, मोठ्या अभ्यासांत काही जंतूंसाठी जादा फायदा दिसलाही आहे, पण तो हाताने पुसल्यानंतरचा. यूव्हीचा किरण सावलीत पोहोचत नाही आणि धुळीच्या थराखाली जात नाही, म्हणजे कठड्याची आतली बाजू तशीच. लहान रुग्णालयात तेच पैसे एका जादा माणसाच्या पगाराला लावलेले मला जास्त पटतात.

टीबीचा पेशंट गेला. खोली धुवून काढायची का?

नेहमीसारखी पुसा. टीबीत खरी अडचण हवेची. पेशंट गेल्यावर दार बंद, बाहेरची खिडकी उघडी ठेवून खोली रिकामी राहू द्या. खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलत असेल तर ९९.९% कण जायला साधारण ३५ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलत असेल तर ६९ मिनिटं. बंद एसीच्या खोलीत हवा बदलतच नाही, ती फक्त थंड होते. एवढा वेळ होण्याआधी आत जाणाऱ्या मावशींना एन-९५ मास्क द्या, साधा सर्जिकल नको.

जुलाबाचा सी. डिफिसिल किंवा कँडिडा ऑरिस सापडला तर?

सी. डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. त्यामुळे हाताला सॅनिटायझर नको, साबण-पाणी, पृष्ठभागाला ०.५% हायपो. कँडिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिली गेली, आज ती आपल्या आयसीयूंत आहे आणि आठवडेच्या आठवडे पृष्ठभागावर टिकते. 'क्वाट' (क्वाटर्नरी अमोनियम) वर्गातली बरीच लोकप्रिय जंतुनाशकं तिच्यावर कमी पडतात, क्लोरीन चालतो. अशा खोलीला स्वतःची बादली, मॉप, बीपीचा पट्टा द्या, ती सगळ्यात शेवटी पुसा आणि दिवसातून दोनदा तरी.

डिस्चार्जनंतर खोली किती वेळात तयार व्हावी?

एका खोलीला पाऊण तास तरी द्या. खाली अ‍ॅडमिशनवाले नातेवाईक खोळंबलेले असतात, काउंटरवरून फोन येतो, आणि वीस मिनिटांत चादर बदलून खोली "रेडी" होते. इथेच सगळं घसरतं. आधी आधीच्या पेशंटच्या सगळ्या वस्तू, उरलेली औषधं, कचरा बाहेर. चादरी न झटकता आत गुंडाळून थेट पिशवीत. मग गादीच्या दोन्ही बाजू, कॉटचा सांगाडा, लॉकर आतून, सगळी उपकरणं, बाथरूम, शेवटी फरशी. आयसोलेशनचा पेशंट असेल तर पडदेही उतरवा. सगळं वाळल्यावरच नवी चादर.

गादीकडे नीट बघा. रेक्झिन तडकलेलं असतं आणि त्यावर चिकटपट्टी मारलेली असते. पट्टीची कड उचलून पाहिलीत तर खाली तपकिरी डाग दिसतो; तिथून रक्त-लघवी फोमात गेली आहे, आणि वरून कितीही हायपो फिरवला तरी ती निघणार नाही. अशी गादी बाद करा. ती भंगारात नको, पिवळ्या कचऱ्यात द्या, आणि देण्याआधी कापा, नाहीतर ती दुसऱ्या कुठल्या वॉर्डात परत येते.

बेसिनबद्दल काही वेगळं?

हो. पाईपाच्या वाकणात स्यूडोमोनास, क्लेब्सिएला घर करून असतात आणि नळाची धार थेट जाळीवर पडली की त्यांचे शिंतोडे मीटरभर उडतात. बेसिनशेजारी इंजेक्शनचा ट्रे ठेवू नका. उरलेलं सलाईन, चहा, दूध त्यात ओतू नका, साखरेवर ते पोसतात.

डायलिसिसच्या खुर्च्या आणि मशीन?

प्रत्येक पेशंटनंतर बाहेरून पूर्ण पुसायचं, मशीनची बटणं आणि खुर्चीचे हातही. पुढचा पेशंट दारात उभा असला तरी.

नीट पुसलंय हे तपासायचं कसं? आम्ही दर महिन्याला भिंतीचे स्वॅब पाठवतो.

कारण नसताना नेमाने घेतलेल्या स्वॅबचा उपयोग कमी. "काही वाढलं नाही" असा रिपोर्ट फाइलला लागतो एवढंच. अचानक इन्फेक्शनची साथ दिसली तर घ्या. रोजच्यासाठी अदृश्य चमकणारी जेल आणि यूव्ही टॉर्च पुरते, नोटा तपासायची टॉर्चही चालते. ओल्या फडक्याने जेल निघते ना हे आधी करून बघा, मग सकाळी दहा जागी ठिपके द्या आणि दुपारी टॉर्च मारा. राहिलेले ठिपके मावशींबरोबर उभं राहून बघा. त्या हसतील, आणि दुसऱ्या दिवशी बेलचं बटण पुसलेलं असेल. याचा वापर पगार कापायला केलात तर मात्र ठिपके कुठे असतात हे त्या आधी शोधून काढतील.

सफाई करणाऱ्यांसाठी काय काय करायला हवं?

हिपॅटायटिस बीची लस, तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. ठेकेदाराचा माणूस असला तरी. जाड रबरी हातमोजे, गमबूट, औषध पातळ करताना चष्मा. सुई टोचली तर कुणाला सांगायचं आणि कितव्या मिनिटाला, हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी ठेकेदार माणसं बदलतो आणि शिकवणं शून्यावर येतं. करारातच शिकवलेली माणसं टिकवायची अट घाला. २०१५ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांसाठी कायाकल्प पुरस्कार सुरू केले, त्यात स्वच्छतेला, कचऱ्याला आणि संसर्ग नियंत्रणाला वेगवेगळे गुण आहेत. खासगीवाल्यांनाही तो गुणतक्ता स्वतःला लावून बघायला हरकत नाही.

नातेवाईक: आम्ही चपला बाहेर काढतो, अजून काय करावं?

चपला काढल्याने इन्फेक्शन कमी होतं असं दिसलेलं नाही, आणि अनवाणी पायात सुई जाण्याची भीती असते. आत येताना आणि बाहेर जाताना हात धुवा, याने जास्त फरक पडतो. पेशंटच्या कॉटवर बसू नका, डबा उघडून कॉटवर मांडू नका. सलाईन आणि कॅथेटरच्या नळीला हात लावू नका. खोकला-ताप असेल तर भेटायला येऊच नका, फोन करा.

देवाचा फोटो, अंगारा, फुलं चालतील का?

फोटो प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणा, म्हणजे लॉकर पुसताना तोही पुसता येईल. अगरबत्ती नको, ऑक्सिजन चालू असतो. आयसीयूत फुलं आणि फुलदाणीचं पाणी नको.

मावशींना खोली पुसायला सांगितलं तर राग येईल का? आम्हीच पुसून घेऊ का?

लॉकर, टेबल तुम्ही पुसलंत तर उत्तम, सिस्टरकडून फडकं आणि औषध मागून घ्या. रक्त, लघवी, वापरलेलं ड्रेसिंग यांना मात्र हात लावू नका, बेल दाबा. आणि सांगायचं तर थेट सांगा: "मावशी, आल्यापासून कठडा पुसला नाहीये, जरा बघता का?" बहुतेक वेळा अडचण मनाची नसते, तीस खाटांना दोघीच असतात. तसं असेल तर तक्रार त्यांची नको, व्यवस्थापनाकडे माणसं वाढवा अशी लेखी द्या.

घरी आणल्यावर खोली हायपोने पुसायची का?

नेहमीच्या पेशंटसाठी गरज नाही. साबणाच्या पाण्याने पुसा, खिडक्या उघडा, अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात टाका. जखम किंवा कॅथेटर असेल तर त्याला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. डिस्चार्ज कार्डवर एखाद्या चिवट जंतूचं नाव लिहिलं असेल तर निघण्यापूर्वीच सिस्टरना विचारून घ्या, पेशंटचा टॉवेल आणि बाथरूम वेगळं ठेवायचं का, आणि किती दिवस.